सुगडात पुरलेला तुकडा

तुमच्या आजोबांना पुढचं औषध मिळणार की नाही, हे मेणाच्या एका तुकड्यावर ठरणार होतं, आणि तो तुकडा माझ्या कपाटात नव्हता.

त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला फोनवर काही सांगितलं नाही. तुम्ही दोघंही परीक्षेच्या गडबडीत होतात, आणि इतक्या लांबून काळजी करण्यापलीकडे तुम्हाला काही करता आलं नसतं. आता सांगायला हरकत नाही. तुमच्या बाबांना यातलं निम्मं ठाऊक आहे. उरलेलं निम्मं त्यांनाही वाचू द्या.

सुरुवात दिवाळीच्या आसपास झाली. आजोबांचे डोळे पिवळे दिसायला लागले आणि अंगाला इतकी खाज सुटली की ते येता-जाता दाराच्या चौकटीला पाठ घासायचे. "म्हशीला हौदाचा कठडा, तशी मला ही चौकट," असं वर स्वतःच म्हणायचे. सगळ्यांना वाटलं साधी कावीळ आहे. सोनोग्राफी झाली, मग स्कॅन झाला, आणि कळलं की स्वादुपिंडात गाठ आहे. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी पडलेली एक मऊ ग्रंथी. अन्न पचवणारा रस आणि साखर सांभाळणारं इन्सुलिन दोन्ही तीच तयार करते. इतकी वर्षं जेवलो, पण तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून बसली होती, त्यामुळे लगेच ऑपरेशन करता येणार नव्हतं. पुण्याला दुर्बिणीतून सुई घालून तपासणीसाठी तुकडा काढला, पित्ताच्या वाटेत नळी बसवली, आणि नगरला परत येऊन केमो सुरू केली.

तो तुकडा तुम्ही पाहिला असता तर तुम्हाला हसू आलं असतं. काडेपेटीपेक्षा लहान अशी प्लास्टिकची जाळीदार चौकट, तिच्यात पांढरं मेण भरलेलं, आणि मेणाच्या मधोमध तुटलेल्या शेवईचे तीन-चार करडे तुकडे अडकल्यासारखे. याला ब्लॉक म्हणतात. मेणात पेशी वर्षानुवर्षं जशाच्या तशा राहतात. लागेल तेव्हा त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर पाहता येतो. तुमच्या बाबांना मुंबईच्या एका डॉक्टरांचंही मत घ्यायचं होतं, म्हणून आम्ही लॅबमधून तो मागून आणला होता. पुढे मुंबईला जाणं राहिलं. मी ब्लॉक पाकिटात घातला, पाकिटावर तारीख लिहिली आणि माझ्या लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवला. माझ्या कपाटातून वस्तू हरवत नाही, हे तुमचे बाबा तुम्हाला चिडवून सांगतातच.

केमोच्या दिवसांत तुमच्या आक्काआजी राहायला आल्या. त्या आजोबांच्या थोरल्या बहीण, तिसगावला दिलेल्या. त्यांची आई लवकर गेली आणि आजोबा आक्कांच्या कडेवर वाढले. त्यामुळे अजूनही त्या त्यांच्याशी सहा वर्षांच्या पोराशी बोलावं तशा बोलतात, आणि गंमत म्हणजे आजोबाही तसंच वागतात. केमोनंतर ते माझ्या हातचं काही खायचे नाहीत. वन्संनी "आ कर" म्हटलं की मुकाट्यानं आ करायचे.

एकदा मी कपाट आवरत होते. वन्सं शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. पाकीट बघून त्यांनी विचारलं, "ह्ये काय?"

"यांच्या पोटातला तुकडा आहे, वन्सं. तपासायला काढलेला. मेणात जपून ठेवलाय."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, विषय संपला.

पहिल्या औषधानं गाठ आधी थोडी आक्रसली. आम्ही आनंदात होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा स्कॅन झाला, तेव्हा ती वाढलेली निघाली. आमच्या डॉक्टर नगरच्याच, वयानं लहान. त्या कधीकाळी माझ्या वर्गात होत्या, म्हणून मला अजून मॅडम म्हणतात. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारीशेजारी ठेवले.

आजोबांनी विचारलं, "औषध तेच, गाठ तीच. मग मधेच झालं काय?"

"गाठ तीच राहिली नाही, काका. म्हणजे तिची जनुकं बहुतेक तीच असतील, पण तिचं वागणं बदललं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी आल्यावर पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. प्रत्येक पेशीपाशी पुस्तक एकच, पण त्यातलं कुठलं पान वाचायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, याच्या बारीक रासायनिक खुणा त्यावर लागलेल्या असतात. अक्षरं न बदलता वाचन बदलणाऱ्या या फेरफारांना एपिजेनेटिक बदल म्हणतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात अक्षरांच्या चुका तर असतातच, पण पेशी या खुणाही इकडच्या तिकडे करतात. काही पेशींना आपण मुळात कोण होतो याचं थोडं भान असतं; त्या जागच्या जागी राहतात आणि औषधाला बऱ्यापैकी जुमानतात. काहींचं ते भान सुटतं. त्या सुट्या होतात, सरकतात, औषध आलं की दबून बसतात आणि ते ओसरलं की डोकं वर काढतात. एकाच गाठीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात, आणि एका प्रकारची पेशी दुसऱ्या प्रकारची होऊही शकते.

आजोबा म्हणाले, "डेंगळे."

डॉक्टरांना कळेना. आजोबा खुर्चीत सरसावून बसले. कांदा म्हटला की त्यांचा आजार थोडा वेळ बाजूला होतो. "तुम्ही शहरातल्या, म्हणून सांगतो. एकाच पिशवीतलं बी, एकाच वाफ्यातलं रोप. पण थंडी उलटीसुलटी पडली, की त्यातले काही कांदे पोसायचं सोडून देतात आणि मधून दांडा काढतात, फुलायला. त्याला डेंगळा म्हणतात. तो कांदा गेलाच. आता बी का बदललं? नाही. रान का बदललं? नाही. त्यानं थंडी ध्यानात ठेवली आणि वागणं बदललं."

डॉक्टर हसल्या. "काका, हे मी आता दुसऱ्या पेशंटना सांगणार."

मी नंतर याबद्दल वाचलं. काही वनस्पती खरोखरच हिवाळ्याची आठवण जनुकांवरच्या अशाच खुणांत धरून ठेवतात आणि ऊन तापल्यावर त्याप्रमाणे फुलतात. कांद्यात अगदी तसंच घडतं का, ते मला नक्की सापडलं नाही, म्हणून तुम्ही ते खरं धरून चालू नका. पण आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मांडीवर तसंच उघडं राहिलं. प्राण्यांच्या अभ्यासात असं दिसतं, की स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेली, ती पूर्ण बरी झाली, वरून सगळं पूर्ववत दिसलं, तरी पेशी ती सूज विसरत नाहीत. तिची खूण आत राहते. आजोबांना तुमचे बाबा शाळेत असताना पोटाची अशीच सूज आली होती. आठवडाभर दवाखान्यात राहून ते हसत घरी आले आणि आम्ही सगळे ती विसरलो. त्या सुजेचा या गाठीशी संबंध आहे की नाही, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण आम्ही विसरलेली गोष्ट त्यांच्या पोटात, राईच्या दाण्याहून शेकडो पटींनी लहान असं काहीतरी, इतकी वर्षं लक्षात ठेवून असेल, या कल्पनेनंच मी थक्क झाले. भीती नंतर वाटली.

तर, डॉक्टर म्हणाल्या, आता दुसरं औषध द्यायचं, पण आंधळेपणानं द्यायचं नाही. आधी गाठीच्या पेशींत एक गोष्ट तपासायची. पेशी दुप्पट होताना जनुकांची नक्कल करते आणि नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं तिच्याकडे असतात. क्वचित एखाद्या गाठीत या दुरुस्तीवाल्यांपैकी कोणी गैरहजर असतो. तसं निघालं तर शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींना जागं करणारं औषध चालतं. नाही निघालं, तर हातात जे उरतं ते फार थोडं आहे, हे त्यांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं.

"पुन्हा सुई घालायला नको वाटतं," त्या म्हणाल्या. आजोबांच्या पायात मधे रक्ताची गुठळी झाली होती आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू होती. ती थांबवण्यात धोका होता. "पुण्याचा ब्लॉक असेल ना तुमच्याकडे? लॅबमध्ये आता काही शिल्लक नाही, मी विचारलं. तोच लागेल."

"आहे," मी म्हणाले. किती खात्रीनं म्हणाले!

घरी आले, कपाट उघडलं. मधल्या कप्प्यात फायली होत्या, चष्म्याची जुनी घरं होती, विम्याचे कागद होते. पाकीट नव्हतं. मी तिन्ही कप्पे रिकामे केले. आजोबा दारात उभे राहून बघत होते. "अगं, तुझ्या कपाटातून?" एवढंच म्हणाले. मग मला शेंगा फोडणारे हात आठवले.

मी तिसगावला फोन लावला.

"वन्सं, कपाटात एक पाकीट होतं. मेणाचं."

"कोन्तं?"

"तुम्ही विचारलं होतंत बघा. यांच्या पोटातलं."

जरा वेळ नुसती कोंबड्यांची कलकल ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "त्ये व्हय. त्ये म्या मार्गी लावलं."

"मार्गी म्हणजे?"

"पुरलं."

वन्संचा आवाज ठाम होता. "वयनी, चिडू नगं. मानसाचं काई असं उघड्यावर ठिवत्यात व्हय? लेकराची नाळ आपन पुरतो. दुधाचा दात पडला तर त्यो बी शेनात घालून कौलावर टाकतो. आन तुमी त्याच्या पोटातला तुकडा कपाटात कुलूप लावून ठिवला! रोगाला कुनी घरात कुलपात जपतं का? म्या आपला सुगडात घातला, हाळद-मीठ टाकलं आन आमच्या दोघांच्या नाळा जिथं हायेत तिथं ठिवून आले."

सुगड म्हणजे संक्रांतीला वाण देण्याचं लहान मडकं, तुम्हाला आठवत असेल. संक्रांतीची सुगडं माझ्या मोरीच्या माळ्यावर होती. त्यातलंच एक त्यांनी घेतलं होतं. केमोच्या दोन फेऱ्यांमधे "रानात जाऊन येते" म्हणून त्या राहुरीला आपल्या मळ्यावर गेल्या होत्या, त्या दिवशी.

मी त्यांना समजावलं की त्या तुकड्यावर औषध ठरणार आहे. त्या ऐकेनात. "पुरलेलं उकरत न्हाईत, वयनी. वाईट असतं."

आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आक्का, उकरत न्हाईत ते मेलेल्याचं. मी हाय अजून. माझं माझ्याकडं दे."

पलीकडे पुन्हा कोंबड्याच. मग, "उद्या येते," म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काळ्यापिवळ्या जीपनं करंजी घाट ओलांडून नगरला आल्या. आम्ही गाडी घेऊन राहुरीच्या रानाकडे निघालो. गुरुवार होता, मनमाड रस्त्यावर शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांची ही रांग. आजोबांनी घरी थांबावं म्हणून मी खूप सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या तुकड्याला मी नको?"

आपल्या मळ्याच्या बांधावर ते मोठं कडुलिंबाचं झाड आहे ना, ज्याच्या फांदीला तुम्ही झोका बांधला होता, त्याच्या मुळाशी या दोघा बहीणभावांच्या नाळा पुरलेल्या आहेत. ही गोष्ट मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ठाऊक नव्हती. तिथं गाडी थांबली आणि वन्संचा चेहरा उतरला. ठिबकची नवी पाइपलाइन टाकायला मधल्या काळात जेसीबी येऊन गेला होता. बांधाच्या बाजूनं लांबलचक चर खणून बुजवलेला, आणि उपसलेली माती लिंबाच्या बुंध्याभोवती ढिगानं पडलेली. कुठं काय होतं, त्याचा पत्ताच नाही.

आमचे वाटेकरी फावडं घेऊन धावत आले. वन्संनी त्यांना थांबवलं. "तू नगं. ज्या हातानं पुरलं त्याच हातानं निघंल." आणि वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेली ती बाई पदर खोचून, खुरपं घेऊन मातीत बसली.

आजोबांसाठी सावलीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ते डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले आणि सूचना द्यायला लागले. "आक्का, जरा डावीकडं. चर हिकडून गेलाय, तू सरळ खाली जाऊ नको."

"तू मला शिकवू नगं. तुला ढुंगन धुवायला म्या शिकवलं."

"नाळ लागली तर तीबी काढून ठिव. डॉक्टरीन बाई उद्या तीबी मागंल."

"गप बस, तोंडाळा!" वन्सं म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. त्या एकाच जागी पुन्हा पुन्हा खुरपत होत्या. मला तेव्हा समजलं की त्यांना कोणत्याही शास्त्राची भीती नव्हती. आपल्या हातून भावाचं औषध मातीत गेलं की काय, ही भीती होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि हातानंच माती ओढायला लागले. त्यांनी मला अडवलं नाही.

बराच वेळ नुसती ढेकळं, मुळ्या आणि जुन्या निंबोळ्यांच्या बिया निघाल्या. एकदा खुरप्याला काही लागलं, तर तो प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा. आजोबांच्या सूचना बंद झाल्या होत्या. ते नुसते बघत होते, आणि त्यांच्याकडे बघायचं मी टाळत होते.

मग एका जाड मुळीच्या कुशीत खापर वाजलं. जेसीबीचा दात हातभर अंतरावरून गेला होता; मुळी आडवी आली म्हणून सुगड वाचलं होतं. त्याला वरून तडा गेला होता. वन्संनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि आतलं पाकीट काढलं. त्यावरचं माझं अक्षर धुऊन गेलं होतं. पण आत चौकट होती, मेण होतं, मेणात शेवईचे तुकडे होते, आणि चौकटीच्या कडेवरचा लॅबचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. फक्त सगळ्याला हळद लागली होती.

वन्संनी ते पदरानं पुसलं, उठल्या आणि भावाच्या हातात दिलं. "घे. तुझं."

आजोबांनी ते डोळ्यांजवळ धरलं. "एवढंसंच?" ते म्हणाले. तोवर त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांना मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तो उन्हात गाडीत विसरला असता तर मी जास्त घाबरले असते. मेण वितळलं असतं. मातीत थंडावा असतो. बघू या." चार दिवसांनी लॅबमधून त्यांना फोन आला: काप चांगले निघालेत, पण ब्लॉकच्या कडेला पिवळं काय आहे?

आणि मग उत्तर आलं. काचेवर रंग चढवल्यावर आजोबांच्या निरोगी पेशींत ते दुरुस्तीचं प्रथिन तपकिरी ठिपक्यांसारखं दिसत होतं. गाठीच्या पेशी मात्र त्या रंगाविना फिकट निळ्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनी आम्हाला ते चित्र मोबाईलवर मोठं करून दाखवलं. मी इतकी वर्षं कविता शिकवल्या, पण एखादी गोष्ट नसण्याचं एवढं स्पष्ट चित्र कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे औषध मिळणार?" मी विचारलं.

"मिळणार. पण आणखी एक प्रश्न आहे, आणि तो तुमच्या मुलाचा आणि नातवंडांचा आहे."

हा तुमचा प्रश्न होता. हे आमच्यातही उतरेल का, असं तुम्ही दोघांनी फोनवर मला हळूच विचारलं होतं, बाबांना कळू न देता. हे प्रथिन दोन कारणांनी नाहीसं होतं. एक तर जनुकाच्या अक्षरांतच जन्मजात चूक असते. ती चूक आई-बापांकडून मुलांकडे जाऊ शकते. नाहीतर जनुक अगदी धड असतं, पण गाठीतल्या पेशींनी त्याच्या तोंडाशी खुणा लावून त्याला बंद करून टाकलेलं असतं. दोहोंतलं कोणतं, हे त्याच मेणातून आणि आजोबांच्या रक्तातून कळणार होतं.

आजोबांचं औषध थांबलं नाही. पहिलं इंजेक्शन त्याच आठवड्यात झालं. दुसरं उत्तर यायला वेळ लागला. ते ऐकायला वन्संही मुद्दाम तिसगावहून आल्या.

रक्तातलं जनुक निर्दोष होतं. गाठीतल्या जनुकाच्या तोंडाशी मात्र खुणा दाटीवाटीनं बसल्या होत्या.

मला माझ्या परीनं ते असं समजलं. पूर्वी अभ्यासक्रम बदलायचा, पण नवी पुस्तकं लवकर यायची नाहीत. मुलं जुन्याच पुस्तकात धड्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं 'वगळला' असं लिहायची. धडा तिथंच, शब्द न् शब्द शाबूत, छपाई स्वच्छ. पण वर्षभर कोणी तो वाचत नसे, आणि परीक्षेत त्यातलं काही येत नसे. आजोबांच्या गाठीत दुरुस्तीचा धडा असाच वगळला गेला होता. अक्षर एकही चुकलेलं नव्हतं. आणि ही पेन्सिल त्या गाठीतच चालली होती. तुमच्या बाबांना आणि तुम्हाला मिळालेल्या प्रतीवर तिचा डाग नाही.

वन्संना मी हे त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी नीट ऐकलं आणि डॉक्टरांना विचारलं, "म्हंजी त्यो मेलेला न्हाई. मुका केलाय?"

"बरोबर, आजी."

"कुनी?"

"ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही."

"मग बोलता करा की त्याला," आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं की तशी औषधं आहेत. खुणा पुसणारी. रक्ताच्या काही आजारांत ती वापरतात. स्वादुपिंडाच्या गाठींवरही ती इतर औषधांच्या जोडीनं वापरून बघण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. बदललेल्या पेशींना त्यांचं मूळ वागणं आठवून द्यावं आणि मग जुनंच औषध पुन्हा लागू पडावं, अशी त्यामागची आशा. पण खुणा चांगल्या पेशींवरही असतात. नको ती पुसली गेली तर नको ते जनुक बोलायला लागेल. अजून भरवसा धरावा असं काही हाती आलेलं नाही. "काकांना त्याची गरज नाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून पचवते आहे.

दुरुस्तीवाला गप्प झाला, म्हणून त्या पेशींच्या नकलांत चुका साचत गेल्या. चुका साचल्या म्हणून गाठ माजली असेल. पण त्याच चुकांमुळे त्या पेशी दिसायलाही परक्या झाल्या. शरीराचे रखवालदार आपल्या माणसाला ओळखून सोडून देतात; या पेशी आता आपल्या माणसासारख्या राहिल्या नव्हत्या. नवं औषध गाठीला मारत नाही. ते रखवालदारांच्या डोळ्यांवरचा हात काढतं, एवढंच. ज्या मुकेपणानं हा आजार वाढवला, त्याच मुकेपणानं तो ओळखू येईल असा करून ठेवला. माझ्या पापणीतल्या एका पेशीत माझ्या यकृताची सगळी कृती लिहिलेली आहे आणि पापणी ती कधी उघडूनही बघत नाही. प्रत्येक पेशी आपलं नसलेलं वाचायचं टाळते, म्हणून मी एक माणूस आहे. इतका संयम माझ्या अंगात जन्मापासून चालू आहे, आणि मी तो कधी शिकले नाही, कधी सांभाळला नाही, त्याचे कधी आभारही मानले नाहीत.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगते. असं फार थोड्या रुग्णांत निघतं. आमच्या शेजारच्या खुर्चीवर सलाइन लावून बसलेल्या गृहस्थांच्या गाठीत ते निघालं नव्हतं. त्यांच्या पत्नीनं मला विचारलं, "तुमचं निघालं का?" मी "हो" म्हणाले. त्यांनीच माझा हात दाबला.

औषधाचा त्रास झालाच. अंगावर पुरळ आलं, थकवा आला, मधे एक इंजेक्शन पुढे ढकलावं लागलं. जेवणाबरोबर पाचक रसाची कॅप्सूल आहेच, आणि साखरेचं पथ्य. वन्सं परत तिसगावला गेल्याच नाहीत. "बगून जाईन," म्हणाल्या, आणि काय बघून जाणार ते आम्ही कोणी विचारलं नाही.

गेल्या सोमवारी स्कॅन झाला. त्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत गेलो तेव्हा त्या स्क्रीनवर गाठीचं माप घेत होत्या. एकदा घेतलं. मग पुसून पुन्हा घेतलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"काका," त्या म्हणाल्या, "अजून आहे. इंजेक्शनं चालूच ठेवायची. पण बघा तुम्हीच."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. मी उभी होते ती उभीच राहिले. वन्सं मात्र सरळ टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. "हितं हुती?"

"हो. तिथंच."

"आन आता?"

डॉक्टरांनी वन्संच्या सुरकुतलेल्या बोटाला धरून किंचित बाजूला सरकवलं. बोटाखाली झाकली जाईल एवढीच सावली तिथं होती.

"आता एवढीच, आजी."

वन्संनी बोट उचललं नाही. शेवटी आजोबांनी चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाले, "आक्का, डॉक्टरीन बाईची काच खराब व्हतीय. मला बी बघू दे की."